मुंबईत डेस्कटॉपला एसीची हवा द्यायची, की थेट चिलर लावायचा?

मे महिन्यात दुपारी गेम सुरू केला की कॅबिनेटचे पंखे घरघरायला लागतात, टेबलाखाली पाय ठेवला तर गरम हवा लागते, आणि मग कुणालाही वाटतं की याला एसी लावून टाकावा. विचार चुकीचा नाही. पण थंड करण्याचे जे उपाय इंटरनेटवर दिसतात, ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी केलेले असतात. मुंबईत तापमान हा अर्धाच प्रश्न आहे, उरलेला अर्धा हवेतल्या बाष्पाचा. इथे कॉम्प्युटर उष्णतेने सहसा मरत नाही, कारण प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. पाण्याने मात्र मरतो. हा लेख नवख्यांसाठी आहे, म्हणून ज्या क्रमाने कामं करायला हवीत त्याच क्रमाने लिहितोय.

आधी मोजा

खरेदीला निघण्यापूर्वी तीन आकडे हातात पाहिजेत: खोलीचं तापमान, खोलीची आर्द्रता, आणि भर कामात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं तापमान.

पहिल्या दोन्हींसाठी छोटं डिजिटल हायग्रोमीटर मिळतं. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. ते कॅबिनेटच्या वर ठेवू नका, गरम हवेने खोटा आकडा दाखवील. कॅबिनेटची हवा ओढणारी जाळी ज्या बाजूला आहे तिकडे, हातभर लांब ठेवा.

तिसऱ्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे फुकटातले प्रोग्रॅम पुरतात. सिनेबेंचसारखी चाचणी दहा मिनिटं सलग चालवा आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांतला आकडा लिहून ठेवा. सुरुवातीचा आकडा फसवा असतो, कूलर तापायला वेळ लागतो.

आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के ची मर्यादा १०० अंश आहे आणि पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सची मर्यादा ९५ अंश, आणि तो मुळात ९५ गाठेपर्यंत वेग वाढवत राहील असाच बनवलाय. त्यामुळे अशा प्रोसेसरवर ९५ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि कूलर सुधारल्यावरही ९५च दिसलं तर पैसे वाया गेले असंही नाही. तिथे तापमान बघू नका, गिगाहर्ट्झचा आकडा वाढला का ते बघा. तुमचा प्रोसेसर साधा ६५ वॅटचा असेल आणि भर कामात ७५-८० अंशांवर थांबत असेल, तर पुढचा निम्मा लेख तुमच्या कामाचा नाही.

दवबिंदू काढा

हवेतलं बाष्प ज्या तापमानाला पाण्याच्या थेंबात उतरायला लागतं ते तापमान म्हणजे दवबिंदू. एखादा पृष्ठभाग त्याहून थंड झाला की त्यावर घाम धरतो. बस्स, एवढंच शास्त्र आहे, पण चिलरचा, म्हणजे पाणी थंड करून ते कॉम्प्युटरमधून फिरवणाऱ्या यंत्राचा, सगळा खेळ यावर चालतो.

हिशेब तोंडी करता येतो. आर्द्रता १०० पासून जितकी कमी, त्याला ५ ने भागा आणि उत्तर खोलीच्या तापमानातून वजा करा. जूनमध्ये खोलीत ३१ अंश आणि ७५ टक्के असेल तर १०० वजा ७५ म्हणजे २५, भागिले ५ म्हणजे ५, आणि ३१ वजा ५ म्हणजे २६. दवबिंदू २६. एसी तासभर चालून खोली २५ अंश आणि ६० टक्क्यांवर आली की तोच हिशेब १७ देतो. आर्द्रता ५० च्या खाली असली तर हे सूत्र दोन-तीन अंश जास्त दाखवतं. चूक सुरक्षित बाजूला आहे, चालवून घ्या.

सूत्रावर विश्वास नसेल तर स्वयंपाकघरात जा. स्टीलचा पेला घ्या, बाहेरून कोरडा पुसा, माठातलं किंवा नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर उभा करा आणि बर्फाचा एकेक लहान तुकडा टाकून चमच्याने ढवळत राहा. पेल्याच्या बाहेरच्या बाजूची चकाकी ज्या क्षणी मंद होते, बोट फिरवलं तर रेघ उमटते, त्या क्षणाचा आकडा म्हणजे तुमच्या खोलीचा दवबिंदू. हा प्रयोग पावसाळ्यात केलात तर गंमत दिसेल: पहिल्याच तुकड्यात पेला धूसर होतो. नळाचं पाणी जेमतेम दोन अंश उतरलेलं असतं आणि भांडं घामाघूम. फेब्रुवारीत त्याच पेल्याला कितीतरी जास्त बर्फ लागेल.

मुंबईत जून ते सप्टेंबर उघड्या खिडकीच्या खोलीत दवबिंदू साधारण २४ ते २६ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एसी बंद असताना २२ अंशांचं पाणी मदरबोर्डजवळून फिरवणं म्हणजे मदरबोर्डवर पाणी शिंपडणं. चिलर विकणारा हे सांगत नाही. हे यंत्र मुळात माशांच्या टाकीसाठी विकलं जातं, आणि माशांना ओलं झाल्याचं दुःख नसतं.

फुकटातलं आधी करून घ्या

कॅबिनेट उघडा. हवा आत ओढणाऱ्या जाळीवर राखाडी गादी बसलेली असेल. शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल तर ही गादी महिन्याभरात धरते. पंख्याची पाती बोटाने धरून मगच ब्लोअर मारा, मोकळी फिरू दिली तर बेअरिंग जातं. मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी लांब हवी. कॉम्प्युटर टेबलाच्या त्या बंद कप्प्यात, जो सुताराने खास सीपीयूसाठी म्हणून करून दिलेला असतो, कॅबिनेट कोंबलेलं असेल तर ते बाहेर काढा. त्या कप्प्यात स्वतःचीच गरम हवा परत परत ओढली जाते, आणि खोलीत एसी असला तरी कप्प्यात तो पोचत नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात तो लेप, बदला.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन वीजमर्यादा घाला. एएमडीत इको मोड आहे, इंटेलमध्ये पॉवर लिमिट. वरच्या शेवटच्या दहा टक्के वेगासाठी हे प्रोसेसर अवाच्या सवा वीज खातात. मर्यादा थोडी खाली आणली तर वेगात फरक जाणवत नाही आणि तापमान चांगलं दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं. माझं स्पष्ट मत आहे की एसीकडे वळण्यापूर्वी हे न करणारा माणूस एमएसईबीला, म्हणजे मुंबईपुरतं बोलायचं तर बेस्टला, टाटाला किंवा अदानीला, उगाच दान करतोय.

खोलीचा एसी: बहुतेकांचं उत्तर इथेच आहे

साधा पंख्याचा कूलर असो की रेडिएटरवाला लिक्विड कूलर, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. तो उष्णता फक्त खोलीच्या हवेत टाकतो. त्यामुळे खोली जितके अंश उतरते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसर उतरतो. खोली ३३ वरून २५ वर आणली तर प्रोसेसरला सात-आठ अंश मिळतात, शिवाय पंखे हळू फिरतात, आवाज कमी होतो. आणि यातली मोठी गोष्ट अशी की एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढून टाकतो. गॅलरीतल्या ड्रेन पाइपमधून टपटपणारं पाणी म्हणजे तुमच्या मदरबोर्डवर न बसलेलं पाणी. चालू असलेला कॉम्प्युटर खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे एसीच्या खोलीत त्याच्यावर दव पडायचा प्रश्नच येत नाही.

किती टनाचा घ्यायचा? एक टन म्हणजे साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर टाकायची ताकद. कॉम्प्युटरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत येते. म्हणजे भर गेममध्ये ५५० वॅट खाणारा डेस्कटॉप हा टनाचा सहावा भाग. दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरत असेल तर एका डेस्कटॉपसाठी दीड टनावर जायची गरज नाही. मात्र खोली पश्चिमेची असेल, किंवा वर थेट गच्ची असेल आणि दुपारी चारनंतर भिंत हाताला चटका देत असेल, तर दीड टन घ्या. दोष भिंतीचा आहे, कॉम्प्युटरचा नाही.

इन्व्हर्टर एसीच घ्या. फक्त वीज वाचते म्हणून नव्हे. जुना ऑन-ऑफ एसी कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही पंखा चालवत राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. हायग्रोमीटर समोर ठेवून बघा, कॉम्प्रेसर थांबला की दोन-चार मिनिटांत आर्द्रता वर सरकताना दिसते. इन्व्हर्टर हळू का होईना चालत राहतो, त्यामुळे हवा कोरडी राहते.

रिमोटवर २४ ते २६ ठेवा. १ जानेवारी २०२० पासून देशात नव्या खोलीच्या एसीला सुरू होतानाचं तापमान २४ ठेवूनच कंपन्यांना विकावं लागतं. त्याखाली नेलंत तर प्रोसेसरला दोन अंश मिळतील आणि बिलात ते दिसतील. पावसाळ्यात उकाडा नसेल, नुसतं चिकट वाटत असेल, तेव्हा ड्राय मोड वापरा.

आता जागा. एसीचा झोत थेट कॅबिनेटवर नको. दोन कारणं आहेत. सर्व्हिसिंग राहिली की किंवा ड्रेन तुंबला की इनडोअर युनिटमधून पाण्याचे शिंतोडे उडतात, हे मुंबईतल्या प्रत्येक घराने एकदा तरी बघितलंय. दुसरं, झोतातली हवा खोलीपेक्षा दहा-एक अंशांनी थंड असते. ती एखाद्या काचेच्या किंवा पत्र्याच्या पॅनलवर सतत आदळली आणि खोलीत अजून बाष्प असलं, म्हणजे दार उघडंच राहिलं किंवा स्वयंपाकघरात कुकर चालू असला, तर पॅनलवर बाहेरून दव धरू शकतं. याच कारणासाठी एसीच्या तोंडापासून कॅबिनेटच्या जाळीपर्यंत पाइप ओढायचा तो प्रसिद्ध जुगाड करू नका. पाइपच्या बाहेरच्या अंगाला घाम सुटतो आणि तो ओघळून कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं. झोत खोलीत मोकळा सोडा, कॅबिनेट समोरच्या भिंतीला ठेवा, आपोआप होतं.

वायरिंगचं थोडक्यात. एसीला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी. कॉम्प्युटर त्या पॉइंटवर नाही, एक्स्टेन्शन बोर्डावर दोघे एकत्र तर नाहीच नाही. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर. जुन्या चाळीत किंवा पागडीच्या घरात मीटरपासूनची वायर बारीक असते, तिथे आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आउटडोअर युनिट कुठे बसवायचं यावर सोसायटीचे नियम असतात, सेक्रेटरीला आधी विचारलेलं बरं, नंतर भांडण मिटवण्यापेक्षा सोपं जातं. वर्सोवा, वरळी, दादर चौपाटीच्या बाजूला राहत असाल तर आउटडोअरची कॉइल खाऱ्या हवेने लवकर खाल्ली जाते. तांब्याची, वरून लेप दिलेली कॉइल मागा आणि पावसाळा संपला की साध्या पाण्याने धुवून घ्या.

पोर्टेबल एसीबद्दल विचारणारे असतात, भाड्याच्या घरात भोक पाडता येत नाही म्हणून. एका नळीचा पोर्टेबल एसी खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तितकीच दमट हवा दाराच्या फटीतून आत येते. खोली थंड होईल, कोरडी मात्र नीट होणार नाही. कॉम्प्युटरपुरतं बोलाल तर चालेल, चिलर लावायचा बेत असेल तर नाही. पाण्याचा कूलर, नागपूरकडे चालतो तो, इथे आणूच नका. तो हवेत पाणी सोडूनच काम करतो आणि मुंबईच्या हवेत आणखी पाणी मावायला जागा नसते.

पावसाळ्यातली शिस्त

लोक जपतात चालू कॉम्प्युटरला, धोका असतो बंद कॉम्प्युटरला. रात्रभर एसी २२ वर चाललाय, कॉम्प्युटर बंद आहे, त्याचा पत्रा, हीटसिंक (कूलरची धातूची पाती), ग्राफिक्स कार्ड सगळं २२ अंशांवर आलंय. सकाळी उठून तुम्ही एसी बंद करता आणि खिडक्या उघडता. बाहेर दवबिंदू २५. चष्मा लावून एसी टॅक्सीतून उतरल्यावर काचांचं जे होतं तेच आता हीटसिंकच्या पात्यांवर होतं. तेवढ्यात तुम्ही ऑफिसचं काम म्हणून बटण दाबता.

उपाय साधा आहे. एसी रात्री २५-२६ वर ठेवा, म्हणजे वस्तू बाहेरच्या दवबिंदूच्या खाली सहसा जात नाहीत. २२ शिवाय झोप येत नसेल तर खिडकी उघडण्यापूर्वी कॉम्प्युटर चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. आधीच खिडकी उघडून बसला असाल तर तासभर थांबा.

चिलर: कुणासाठी आणि कसा

आता हौसेचा भाग. चिलर म्हणजे फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेलं यंत्र, जे हवेऐवजी पाणी थंड करतं. हे पाणी पंपाने प्रोसेसरवर बसवलेल्या वॉटर ब्लॉकमधून, म्हणजे आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातून, फिरतं. पाणी खोलीपेक्षा थंड असल्यामुळे प्रोसेसर अशा तापमानाला चालतो जे रेडिएटरने कधीच शक्य नसतं. २०१८ च्या जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला होता. टाळ्या पडल्या आणि मग पत्रकारांना टेबलाखाली हायलिया कंपनीचा एक हॉर्सपॉवरचा वॉटर चिलर सापडला. असले चिलर माशांच्या टाकीसाठीच विकले जातात, आणि आपल्याकडेही मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडेच ते मिळतात.

मी कुणालाही गेमसाठी चिलर सुचवत नाही. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायची, हौस आहे, आठवड्यातून एखादी संध्याकाळ त्यात घालवायची आहे, आकडे चढताना बघायला आवडतात, अशांसाठी हे आहे. ज्याला रोज बारा तास रेंडर लावून झोपायचंय त्याने एसीवर थांबावं.

घ्यायचाच असेल तर हॉर्सपॉवर बघू नका. पाटीवर किंवा माहितीपत्रकात थंड करायची क्षमता वॅटमध्ये दिलेली असते, ती बघा. माशांची टाकी स्वतः उष्णता तयार करत नाही, तुमचा प्रोसेसर अखंड अडीचशे वॅट ओततो, ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यावर घेतलंत तर पाचशेच्या वर. त्यामुळे "दोनशे लिटर टाकीसाठी" हे वर्णन आपल्याला निरुपयोगी. दुकानदाराला कॉम्प्युटर म्हटलं की तो गोंधळतो. "सतत पाचशे वॅटचा हीटर पाण्यात टाकून ठेवलाय असं समजा, तुमचा चिलर पाणी २२ वर धरील का?" असं विचारलं की बरोबर उत्तर मिळतं.

चिलर खोलीत ठेवायचा की बाहेर, हा मुंबईत खरा प्रश्न. पाण्यातून काढलेली सगळी उष्णता, वर स्वतःच्या कॉम्प्रेसरची वीज, तो जिथे उभा आहे तिथेच सोडतो. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये ठेवलात तर कॉम्प्युटरचे ५५० आणि कॉम्प्रेसरचे आणखी काहीशे वॅट मिळून तुमच्या एसीच्या डोक्यावर. गॅलरीत, छपराखाली, पावसाचा मारा लागणार नाही असा ठेवा आणि नळ्या खिडकीतून आत घ्या. नळ्यांवर, एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी पूर्ण लांबीला चढवा, जोडांवर टेप मारा. फट राहिली तर बरोबर तिथेच थेंब धरतो आणि फोमच्या आतून चालत चालत खालच्या टोकाला जातो. म्हणून नळी कॅबिनेटमध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्या, पाणी झोळाच्या तळाशी गळेल.

पाण्यात डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ धरू न देणारं औषध. तांब्याचा वॉटर ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यावर कधीही नको, अॅल्युमिनियम झिजतं. चिलरच्या आतली नळी कशाची आहे तेही विचारून घ्या.

जोडून झालं की कॉम्प्युटर चालू न करता फक्त पंप रात्रभर चालवा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. सकाळी सगळे कोरडे असले तर गळती नाही. गळती नाही याची खात्री आधीच केलेली बरी, कारण नंतर ओलावा दिसला तर तो गळतीचा की दवाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

मग तापमान. कंट्रोलरवर दवबिंदू अधिक ३ ठेवा, त्याखाली नाही. २५ अंश आणि ६० टक्क्यांच्या खोलीत दवबिंदू १७, म्हणजे पाणी २०. एसी नसलेल्या जूनच्या खोलीत दवबिंदू २६, म्हणजे पाणी २९, आणि २९ च्या पाण्यासाठी कॉम्प्रेसर चालवण्यात अर्थ काय? यावरून कळेल की मुंबईत चिलर हा एसीला पर्याय होऊ शकत नाही. आधी कोरडी खोली, मग थंड पाणी. शून्याखाली जाणारे व्हिडिओ बघून हुरळू नका, ते लोक सॉकेटभोवती (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि मदरबोर्डच्या मागे रबराचा लेप आणि फोम लावून बसतात आणि बोर्ड गेला तर दुसरा काढतात.

चालू-बंद करायचा क्रम कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. सुरू करताना आधी एसी, अर्ध्या तासाने हायग्रोमीटर बघून कॉम्प्युटर आणि पंप, शेवटी चिलर. बंद करताना बरोबर उलट: आधी चिलर, मग पंप आणि कॉम्प्युटर चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग कॉम्प्युटर, सगळ्यात शेवटी एसी. यातली घातक चूक म्हणजे एसी आधी बंद करून जेवायला जाणं. पाणी २० वरच, आणि खोलीचा दवबिंदू दाराच्या फटीतून हळूहळू २५ कडे. लाइट गेली तरी हेच होतं. मुंबईत ती क्वचित जाते, पण गेली तर दार-खिडक्या मिटूनच ठेवा. लाइट परत आल्यावर चिलर किंवा एसी लगेच सुरू करू नका, कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं विसावा लागतो.

पहिल्या आठवड्यात दर संध्याकाळी टॉर्च घेऊन तीन जागा बघा: वॉटर ब्लॉकच्या फिटिंगचा गळा, सॉकेटच्या बरोबर मागची मदरबोर्डची बाजू, आणि नळी कॅबिनेटमध्ये शिरते ती जागा. वॉटर ब्लॉकचा वरचा भाग कोरडा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. दव आधी मागे धरतं, जिथे हवा हलत नाही आणि तुमची नजर जात नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने समोरून चकाचक असलेला बोर्ड काढला तर सॉकेटच्या मागच्या पिनांभोवती हिरवट खारी साय धरलेली होती. कॉम्प्युटर त्या दिवसापर्यंत चालू होता.

फ्रिजमध्ये कॅबिनेट किंवा रेडिएटर ठेवायची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. घरचा फ्रिज एकदा थंड केलेली भाजी थंड राखायला बनवलाय, त्याचा कॉम्प्रेसर अखंड चारशे-पाचशे वॅट ओढू शकत नाही. आतलं तापमान वर वर जात राहतं आणि शेवटी फ्रिज जातो. पेल्टिअरच्या पांढऱ्या चकत्या, वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या, स्वस्त मिळतात, पण जितकी उष्णता हलवतात तितकीच किंवा जास्त वीज स्वतः खातात, आणि ती सगळी गरम बाजूला सोडतात. इंटेलने २०२० मध्ये क्रायो कूलिंग या नावाने हाच प्रकार संगणकाच्या लिक्विड कूलरमध्ये आणला होता, दवबिंदू मोजून आपोआप आवरणारं सॉफ्टवेअर देऊन. तरी तो रुळला नाही.

ओलं झालंच तर

स्क्रीन अचानक काळी झाली, पंखे चालू-बंद होऊ लागले, किंवा टॉर्चमध्ये थेंब चमकला, तर शटडाउनचा मेनू शोधत बसू नका. भिंतीचा स्विच बंद, यूपीएस असेल तर कॉम्प्युटरची पिन यूपीएसमधून आधी काढा. पॉवर सप्लायची वायर काढून कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, साठलेली वीज निघून जाते. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढा, ती राहिली तर ओल्या जागी थोडी वीज वाहतच राहते आणि तांबं खाते.

ग्राफिक्स कार्ड, रॅम, वॉटर ब्लॉक सुटे करा. टिश्यूने टिपा, घासू नका. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने ओल्या भागावर फिरवा, विशेषतः मागच्या बाजूला, ते पाण्याला आणि क्षारांना सोबत घेऊन उडतं. हे करताना पंखा चालू आणि गॅसची शेगडी लांब. हेअर ड्रायरची गरम हवा नको, थेंब चिपच्या खाली ढकलले जातात. खिडकीत उन्हाला ठेवणंही जुलै महिन्यात कुचकामी, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली आहे. बोर्ड एसीच्या खोलीत ड्राय मोडवर, साध्या टेबल फॅनसमोर, उभा करून पूर्ण एक दिवस ठेवा.

परत जोडताना चिलर लावू नका. साध्या पंख्याच्या कूलरवर आधी फक्त बायोसपर्यंत जाऊ द्या, अर्धा तास तिथेच ठेवा, मग विंडोज. दोन-तीन दिवस नीट चालला तर पुन्हा पाण्याचा विचार करा, आणि त्या आधी हायग्रोमीटरचा सेल बदला.